श्रीवर्धन ते गुहागर : सायकलवरचे तीन दिवस

दिवाळीच्या सुट्टीत कोण कुठे जाणार, याची स्टाफरूममध्ये चर्चा चालली होती. "आम्ही सायकलने गुहागरला जाणार," असे सांगितल्यावर आधी हशा पिकला. मग एका बाईंनी हळूच विचारले, "भाईजान बरे आहेत ना?"

प्रश्न तसा चुकीचा नव्हता. आम्ही दोघेही चाळिशी ओलांडलेले. आमच्यातली एक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, दुसऱ्याने कुवेतमध्ये ट्रेलर चालवला. गेल्या वर्षी हे कायमचे म्हणून परत आले आणि महिन्याभरात साखर वाढल्याचे निघाले. डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालण्याचा यांना कंटाळा, म्हणून जुन्या गिअरच्या दोन सायकली घेतल्या. लहानपणी आम्ही मोहल्ल्यात भाड्याची सायकल फिरवली होती. सातवीनंतर ती सुटली, पण पाय विसरले नव्हते.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात कुवेतहून निरोप आला होता. जुन्या साहेबांनी पुन्हा बोलावले होते, दोन वर्षांचा करार, पगार आधीपेक्षा जास्त. आठ दिवसांत उत्तर हवे होते. लेक फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची फी बाकी, घराचा वरचा मजला अर्धवट. आम्ही हे कोणालाच सांगितले नाही आणि आपसातही त्यावर नीट बोललो नाही. सायकली मात्र बाहेर काढल्या.

पहिल्या दिवशी फजरची नमाज पढून श्रीवर्धनहून निघालो. पेशव्यांचे हे मूळ गाव सुपारीसाठी नावाजलेले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या वाड्या झोपवल्या. आज नवी रोपे उभी आहेत, पण मधूनच एखादी मोकळी जागा दिसते आणि तिथे काय होते ते लक्षात येते. माड लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात, सुपारीचेही तसेच. वाडीवाल्याचे एका दिवसाचे नुकसान म्हणजे एका मुलाचे अख्खे शिक्षण.

हरिहरेश्वरपर्यंतचे वीसेक किलोमीटर अंगावर आले नाहीत. पुढे बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. फेरीबोटीत मोटारींच्या मधोमध सायकली उभ्या केल्या. पलीकडे वेसवी. इथे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. खाडीच्या तोंडाशी बाणकोटचा किल्ला दिसतो. इंग्रजांनी तो १७५६ मध्ये घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले.

कोकणातल्या सागरी रस्त्याचा स्वभाव वेसवीला कळतो. प्रत्येक खाडीनंतर चढ, चढ संपला की जांभ्याचा उघडा सडा, सड्यावरून पुन्हा उतार आणि खाली दुसरी खाडी. नकाशावर अंतर थोडे दिसते, पण तेवढे अंतर दिवसातून चार-पाच वेळा चढायचे असते. चढ दिसायच्या आधीच हलका गिअर टाकावा, उशीर झाला की साखळी करकरते आणि सायकल जागीच थांबते. उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता दोन्ही ब्रेक मिळून थोडे दाबावे, थोडे सोडावे. वळणावर लाल माती पसरलेली असेल तर आधीच वेग कमी करावा. यातली शेवटची गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशी कोपर खरचटून शिकलो.

चढावर ऐन, किंजळ आणि काजूची झाडे दोन्ही बाजूंनी जवळ आली. मोटारीत बसून हे जंगल हिरव्या पट्टीसारखे मागे जाते. सायकलवर प्रत्येक झाडाची सावली वेगळी मिळते, कारण ती मोजून घ्यावी लागते. एका वळणावर धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. पंखांचा आवाज एवढा मोठा की आम्ही दोघेही थांबलो. दम लागला म्हणून थांबलो असे कोणालाच म्हणावे लागले नाही.

एका वस्तीत पाणी मागितले. ओळीने सहा घरे. चारांना कुलूप. पाचव्या घरातल्या म्हाताऱ्या खाला बाहेर आल्या. "कुठली गो बाय तू? सायकलवर?" हसून झाल्यावर त्यांनी कोकमाचे सरबत दिले. कुलपांबद्दल विचारले तर बोटांवर मोजून म्हणाल्या, "हा कतारला, हा मुंब्र्याला, ह्याची पोरं कुवेतला. रमजान ईदला कोण आला तर आला." हे सरबताचा पेला हातात धरून बराच वेळ त्या कुलपांकडे बघत राहिले.

मुक्काम केळशीला होता. इथे डोंगरावर याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांनी त्याला इनाम दिले होते. किनाऱ्यावर वाळूची उंच टेकडी आहे आणि तिच्या थरांत जुन्या त्सुनामीच्या खुणा असल्याचे संशोधकांनी मांडले आहे. ज्यांच्या घरी उतरलो त्यांनी तांदळाच्या भाकरी आणि सुरमईचे कालवण वाढले. इशानंतर पाय इतके दुखत होते की झोप लवकर आली.

दुसरा दिवस आम्ही मुद्दाम छोटा ठेवला. आडे, पाडले, आंजर्ले हा पट्टा साऱ्या वाटेत सुंदर म्हणावा असा. काही ठिकाणी रस्ता इतका खाली उतरतो की समुद्र उजव्या हाताला आपल्याबरोबर चालतो. दुपारी हर्णैला पोहोचलो. प्रवाशाला जुहर आणि असर एकत्र पढण्याची जी सवलत आहे, तिची किंमत अशा दिवशी कळते. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. बैलगाड्या थेट पाण्यात जाऊन होड्यांतला माल आणत होत्या. एक बाई पापलेटच्या टोपलीसमोर उभी राहून भाव पुकारत होती आणि पुरुष मुकाट्याने ऐकत होते. "तुझा वर्ग असाच चालतो का?" यांनी विचारले. पुष्कळ दिवसांनी हसलो.

तिसरा दिवस कठीण. मुरूड, कर्दे, लाडघर मजेत गेले. पुढच्या चढांनी मात्र जीव काढला. एका चढावर दोघेही उतरून सायकली ढकलत होतो, तेव्हा हे म्हणाले, "तिकडे सहाशे किलोमीटरचा रस्ता एका दिवसात संपायचा. वळण नाही, झाड नाही. संपला तरी कुठे आलो असं वाटायचं नाही." कुवेतचे एवढे बोलणे त्यांनी याआधी कधी केले नव्हते. सुट्टीत घरी आले की तिथले सगळे ठीकच असायचे.

दाभोळला दुपारी उतरलो. एके काळी हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. हजला जाणारी जहाजे इथून सुटत. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले. खाडीच्या काठाशी एक घुमट आणि चार मिनारांची जुनी मशीद आहे. विजापूरची शहजादी आयेशाबीबी हजला जायला म्हणून इथे आली, समुद्र सुरक्षित नव्हता म्हणून जाता आले नाही, आणि सफरीसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला, असे सांगतात. आम्ही सावलीत बसून होतो. हे म्हणाले, "गेली नाही, पण पैसा वाया नाही घालवला."

धोपाव्याची फेरीबोट यायला वेळ होता. धक्क्यावर बसून आम्ही, शाळेतल्या सवयीने, एक गणित मांडले. लग्नानंतरची एकोणीस वर्षे कुवेतमध्ये. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. नऊ सुट्ट्या म्हणजे अठरा महिने. एकोणीस वर्षांच्या संसारात आम्ही एका छपराखाली दीड वर्ष राहिलो होतो. आकडा मोठ्याने म्हटला तेव्हा यांनी बोट येते का ते बघायला मान वळवली.

वाशिष्ठीच्या मध्यावर बोट आली तेव्हा आम्ही विचारले, "अहो, मग काय कळवायचं?"

"फीचं काय?" हे म्हणाले.

"फी हप्त्याने भरू. पगार चालू आहे."

"आणि वरचा मजला?"

त्याला उत्तर द्यायच्या आत धोपावे आले.

शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर संध्याकाळच्या उन्हात गेले. गुहागरच्या सुरूच्या बनाशी सायकली टेकवल्या तेव्हा मगरिबची अजान कानावर आली. वाळूत बसलो. पाय थरथरत होते आणि भूक अशी लागली होती, जशी शाळेच्या वयात लागायची.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसात उतार निसरडे असतात आणि एप्रिलमध्ये सड्यावर सावली सापडत नाही. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच ठेवा. जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच. ओढणी खोचून नीट पिन लावा, चाकात जायला वेळ लागत नाही. साखरेच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे, खिशात खजूर किंवा साखर ठेवावी आणि उपाशीपोटी चढ घेऊ नयेत. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचाराव्या. रोख पैसे जवळ असू द्यावेत. आणि पाणी मागायला लाजू नये. साऱ्या वाटेत आम्हाला एकाही घराने नुसते पाणी देऊन परत पाठवले नाही.

टेम्पोत सायकली टाकून परत आलो. दुसऱ्या दिवशी यांनी कुवेतला फोन करून येणार नाही असे कळवले आणि साहेबांचे आभार मानले. आता ते एका शाळेची बस चालवतात. पगार तिथल्याच्या पाव हिश्श्याइतकाही नाही. वरच्या मजल्याच्या सळया अजून तशाच उघड्या आहेत. पावसाळ्याआधी त्यांना गंजरोधक रंग लावायचा आहे. शिडी आम्ही धरणार, रंग हे लावणार.