ठिपक्याचा स्वल्पविराम

मराठीच्या प्राध्यापकाने बंदुकीवर लेख लिहावा हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. मलाही वाटते. आमच्या घराण्यात आजवर कोणी उंदीरसुद्धा मारलेला नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तेरणेच्या काठी नेऊन सोडायचा, ही आबांची रीत. पण माकणीच्या आमच्या घरी एका रायफलीपायी असे काही घडले की वर्गात ‘एकाग्रता’ हा शब्द उच्चारताना माझी जीभ अजून अडखळते.

माकणी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले निम्न तेरणा धरणाचे गाव. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, आणि त्याच संध्याकाळी आमच्या नववीतल्या पुतणीने जाहीर केले की आपण नेमबाज होणार. दादाने कुरकुरत का होईना, दसऱ्याला एक साधी एअर रायफल आणली. कोयत्या-विळ्यांच्या शेजारी ठेवून तिची पूजा झाली. १९९३ च्या भूकंपानंतर आबांनी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा मीटर मोजले, मागे वाळूची पोती रचली, आणि पोरीचा सराव सुरू झाला.

दिवाळीला मी गेलो तेव्हा छर्रे कागदावर भलतीकडेच लागत होते. ती म्हणाली, “काका, माशीला शेपूट फुटल्यासारखं दिसतंय.” (नळीच्या टोकाशी नेमासाठी जो बारीक उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात. शब्द जुना आहे आणि मोठा नामी आहे.) आता मी पडलो प्राध्यापक! द्रोणाचार्य, झाडावरचा पक्षी आणि अर्जुनाला दिसलेला तो एकच डोळा, ही सारी कथा मी तिला पाऊण तास ऐकवली, आणि मन थाऱ्यावर नसले की वस्तूंना अशी शेपटे फुटतात, असा निकाल दिला. पोर मान खाली घालून ऐकत होती. संक्रांतीच्या आत रायफल माळ्यावर गेली.

पुढच्या मे महिन्यात थोरला पुतण्या पुण्याहून आला तो एक ‘रेड डॉट’ घेऊन. बहिणीचा नेम सुधारावा म्हणून त्याने पहिल्या पगारातले चार हजार त्यात घातले होते. या यंत्रात एका बारीक दिव्याचा लाल उजेड तिरप्या काचेवरून परतून डोळ्यात येतो, आणि निशाणावरच कोणी कुंकवाची टिकली लावल्यासारखी वाटते. टिकली जिथे, छर्रा तिथे. मागची खाच, पुढची माशी आणि निशाण, अशी तिघांची मोट बांधण्याचे कारण उरत नाही.

दादाने त्यातून पाहिले आणि म्हणाला, “झकास! गोल गरगरीत.” वहिनींनाही टिकलीच दिसली. पुतणीने पाहिले आणि काही न बोलता यंत्र माझ्या हाती दिले. मी पाहिले तर काय, चक्क स्वल्पविराम! डाव्या बाजूला खाली शेपूट काढलेला, तांबडा लाल. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासून डोक्यात स्वल्पविराम बसले असतील म्हणून डोळे चोळून पुन्हा पाहिले. शेपूट जागच्या जागी.

“फसवलं रे तुला,” मी म्हणालो. “माल फुटका आहे. परत पाठव.”

पुतण्या इंजिनिअर. तो म्हणाला, “काका, बघता बघता ते हळूहळू फिरवा.” मी फिरवले. यंत्र आडवे झाले, पण शेपूट खाली डावीकडेच. दोष काचेत असता तर काचेबरोबर फिरला असता. मग त्याने मोबाइलचा कॅमेरा मागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका गोल. म्हणजे फुटका माल पुण्याहून आलेलाच नव्हता. तो गेली शेहेचाळीस वर्षे माझ्याच कपाळाखाली होता.

तेव्हा पोर हळूच म्हणाली, “मलापण शेपूट दिसतंय काका.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच म्हणाला होता ना, मन थाऱ्यावर नसलं की दिसतं म्हणून.”

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दोन दिवसांनी तिला लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. भिंतीवर सूर्यकिरणांसारख्या रेघा काढलेला तक्ता होता. तिला त्यातल्या काही ठसठशीत, काही पुसट दिसल्या. दीडचा सिलिंड्रिकल नंबर निघाला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सर्व बाजूंनी सारखा वळलेला असावा. तो चमच्याच्या पाठीसारखा एकीकडे जास्त, एकीकडे कमी वळलेला असला की किरण एका बिंदूत मिळतच नाहीत. आपण याला दृष्टिवैषम्य म्हणतो. इंग्रजांचा ‘ॲस्टिग्मॅटिझम’ मूळ ग्रीक आहे: ‘स्टिग्मा’ म्हणजे बिंदू आणि मागे नकाराचा ‘अ’, अगदी आपल्यासारखाच. ज्याला बिंदू नाही तो! स्वतःच्या डोळ्यातला हा दोष थॉमस यंगने १८०१ मध्ये मोजून मांडला, आणि जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास स्वतःसाठी त्यावरचा चष्मा घडवून घेतला. एवढ्या विद्वानालाही प्रकाशाचा ठिपका लांबट दिसत होता. त्याचे मन थाऱ्यावर नव्हते असे कोण म्हणेल?

रेड डॉटचे काय करायचे, हा प्रश्न होताच. पुतण्याने मला शिकवले ते असे. अशा डोळ्यांना रेड डॉट सर्वांत जास्त छळतो, कारण तो प्रखर बिंदू आहे आणि त्याला डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायला काही नसते. उजेड कमी केला की शेपूट बरेच आखडते. दुर्बिणीला किंवा प्रिझमच्या साइटला डोळ्याकडची काच फिरवून नंबर जुळवता येतो, आणि तिच्यातली खूण काचेवरच कोरलेली असल्यामुळे कमी फिस्कटते. मात्र त्या फिरवण्याने साधा नंबर जुळतो, सिलिंडर नव्हे. त्यावर खरा उपाय चष्माच, आणि तोही नाकावर वाकडा बसता कामा नये. त्या काचेला दिशा असते. ती तीस अंशांनी फिरली की चष्मा घालून न घातल्यासारखाच. याखेरीज सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भोक! कार्डाला टाचणीने भोक पाडून त्यातून रेड डॉट पाहिला, तर माझा स्वल्पविराम क्षणात पूर्णविराम झाला. बारीक भोकातून कडेचे वाट चुकलेले किरण आत येतच नाहीत.

आणि गंमत अशी की स्पर्धेच्या एअर रायफलीवर दुर्बीण किंवा रेड डॉट चालतच नाही. तिथे मागे बारीक भोकाची चकती असते, जिला पीप साइट म्हणतात. चष्मा मात्र चालतो. दहा मीटरवरच्या त्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तेव्हा चार हजारांचा रेड डॉट कपाटात गेला, आणि पीप साइटचे पैसे मी दिले. दंड म्हणा हवे तर.

या दिवाळीला पाडव्याच्या सकाळी मी शेडमध्ये गेलो. चष्मा लावून पोर बसली होती. समोरच्या कागदाच्या काळ्या गोळ्यात भोके दाटीने पडलेली. मला पाहताच तिने रायफल पुढे केली. “काका, तुम्ही मारा ना एक.”

माझा चष्मा अजून जत्रेत घेतलेली चाळिशीच आहे. लातूरला जाऊन मी फक्त तिचेच डोळे तपासून आणले होते. तरी मी भोकाला डोळा लावला, श्वास रोखला आणि चाप ओढला. कागद हलला नाही. वाळूच्या पोत्यातून मात्र बारीक धार लागली.

“पुढच्या आठवड्यात लातूर,” पोर म्हणाली. “मी येते सोबत.”

“आणि तोवर हात लावू नकोस रायफलीला,” दादा ओसरीवरून ओरडला. “पोती महाग झालीत.”