गाडीने नुसते ‘टक’ केले तेव्हा

मैत्रिणींनो, गाडीचे दुखणे म्हणजे पुरुषांचे खाते, असे मीही इतकी वर्षे धरून चालले होते. किल्ली फिरवावी नि बिघडली की ‘ह्यां’ना हाक मारावी! पण गेल्या हिवाळ्यात ती सोय राहिली नाही.

सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन परभणीला ठरलेले. तारीख दोनदा हुकलेली. ‘हे’ पुण्याला. राणीसावरगावातल्या आमच्या दारात उभी होती ती जुनी मारुती ८००. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली नि जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली. आमची २००८ ची. सासूबाईंनी रेणुकामातेला हात जोडले, मी किल्ली फिरवली. टक! पुन्हा फिरवली. पुन्हा टक!

मेकॅनिकला फोन केला. “स्टार्टर गेला असेल, संध्याकाळी येतो.” माझ्या तोंडचे पाणीच पळाले. सासूबाईंना दिसत नव्हते, पण कान तिखट. म्हणाल्या, “सूनबाई, आधी ते घर्र करायचं. आता नुस्तं टक करायलंय. म्हंजे जीव हाय, जोर न्हाई.”

मी हेडलाइट लावले. भिंतीवर उजेड बरा पडला. किल्ली फिरवताच मात्र तो पार मरगळला. म्हणजे वीज होती, पण पुरत नव्हती. दिव्यांना थोडी वीज चालते. इंजिन फिरवायला स्टार्टरला एकदम शंभराच्या वर अँपिअर लागतात. उजेड लख्ख राहून नुसते ‘टक’ झाले असते, तर स्टार्टरवर संशय घ्यायचा. इथे दोष बॅटरीत, नाहीतर तिच्या जोडात.

बॉनेट उघडले नि पाहते तो काय! बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी, आणि वायरीची पकड चक्क हाताने गोल फिरत होती! महिनोन् महिने तिकडे पाहिलेच नव्हते, चूक आमचीच.

मग किल्ली काढून घेतली. बांगड्या-अंगठी उतरवली, कारण बॅटरीला धातू टेकला तर ठिणगी उडते. दहा नंबरच्या पान्याने आधी उणे बाजूची वायर सोडवली, मग अधिकची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने भुकटी घासली. पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचे नाही, जवळ काडी ओढायची नाही आणि डोळे जपायचे, बरं का! कोरडे पुसून आधी अधिक, शेवटी उणे, अशा वायरी घट्ट आवळल्या. वरून व्हॅसलिनचे बोट फिरवले.

किल्ली फिरवली. घर्र! सासूबाई म्हणाल्या, “आता कसं!”

पोचायला उशीर झाला, पण ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाहेर येऊन त्यांनी गाडीकडे निरखून पाहिले नि म्हणाल्या, “अगं, किती धूळ बसलीय हिच्यावर!”

तेव्हा मैत्रिणींनो, नव्या भागाचे पैसे मोजण्याआधी ऐका, दिवे लावून पाहा, बॉनेट उघडा. साफ करूनही उजेड मंदच राहिला, तर बॅटरी चार्ज करून तपासून घ्या. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या हातात टूथब्रश असतो, नि ‘हे’ कौतुकाने पाना पुढे करतात!