वीस दिवस गावाला, गांडुळं बारडोलीला

मे महिन्यात गावाला निघायचं म्हटलं की आईची यादी फ्रीजच्या दारावर चिकटते. गॅसचा कॉक बंद. पाण्याची मोटर बंद. फ्रीज रिकामा. तुळस शेजारच्या बांकडे. बारडोलीत येऊन आम्हाला एकोणतीस वर्षं झाली आणि ही यादी जवळपास तेवढीच जुनी आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्यात एक ओळ वाढली: 'गांडुळं'. ती माझ्यामुळे. त्या एका ओळीने मला जे शिकवलं, ते तुम्हा मंडळींना सांगावंसं वाटलं, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सुट्टीत कुलूप लागतं आणि किल्ली शेजारी जाते.

ज्यांनी बारडोली फक्त इतिहासाच्या पुस्तकात पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. सुरतेपासून पूर्वेला साधारण ३५ किलोमीटरवर, मिंढोळा नदीकाठी आमचं गाव. चहूकडे ऊस. दिवाळी झाली की रस्त्यावर उसाच्या गाड्या सुरू होतात, त्या थेट उन्हाळ्यापर्यंत. तोडणीला येणाऱ्या टोळ्यांमध्ये आपल्या खान्देशातले पुष्कळ असतात. पप्पा बाजारात त्यांच्याशी अहिराणीत बोलत थांबले की अर्धा तास निघून जातो. तोड झाली की शेतात पाचट उरतं, आणि माझ्या गांडुळांचं अंथरूण या पाचटाचंच.

आमची पेटी अगदी साधी आहे. झाकणाचा प्लास्टिकचा पिंप, बाजूला आणि तळाला भोकं, खाली दोन विटा आणि एक जुनी परात. त्यात पाचट, नारळाच्या शेंड्यांचा भुसा, फाडलेली वर्तमानपत्रं आणि कडोदकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने दिलेली अर्धा किलो गांडुळं. ही शेतात खोल बिळं करणारी गांडुळं नव्हेत. ही लालसर, बारीक, वरच्या थरातल्या कुजत्या पाल्यात राहणारी जात. शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा. आई सुरुवातीला लांबूनच बघायची. पण सहा महिन्यांनी कढीपत्त्याला जी पालवी फुटली, ती पाहून भाजीची देठं ती आपणहून पिंपात टाकू लागली.

मग आला मे. नंदुरबारजवळच्या गावी चुलत भावाचं लग्न, वीस दिवसांचा मुक्काम. गांडुळांचं काय करायचं? मी आपल्या बुद्धीने दोन गोष्टी केल्या. निघायच्या आदल्या दिवशी फ्रीज रिकामा करताना निघालेलं सगळं, म्हणजे आंब्याच्या साली, कलिंगड, उरलेला भात, पिंपात घातलं. वीस दिवसांची शिदोरीच म्हणा ना! आणि किल्ली देताना बांना म्हटलं, "बा, मागच्या ओट्यावर गांडुळं आहेत. जरा लक्ष ठेवाल?"

बा म्हणजे शेजारच्या आजी. वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी झाडाच्या मुळाशी मुंग्यांना पीठ घालणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अळसियां ने? तू चिंता ना कर."

सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. तापीखोऱ्याची ही लाइन मला लहानपणापासून पाठ आहे. मढी आलं की खमणी घ्यायची. व्याऱ्यानंतर डोंगर दिसू लागतात. सोनगढचा किल्ला गायकवाडांचा, हे पप्पा दर वर्षी नव्याने सांगतात. मग नवापूर. तिथलं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, आणि बाकावर दोन्ही राज्यांची नावं. लहानपणी आम्ही भावंडं त्या बाकावर मधोमध बसायचो आणि कोण कुठल्या राज्यात ते भांडायचो. नवापूर गेलं की आई म्हणते, "चला, आलं आपलं घर." बारडोलीत कोणी विचारलं तरी ती हेच सांगते, "आमचं घर नंदुरबारकडे."

लग्न झालं, मानपान झाले, आंबे झाले. वीस दिवसांनी परत आलो तेव्हा वास फाटकापासूनच आला. झाकण काढलं. आत काळा चिकट लगदा, वर चिलटं, कडेने मुंग्यांची रांग. गांडूळ एकही नाही. मेलेलं गांडूळ सापडतही नाही, ते विरघळूनच जातं. मी तिथेच बसून राहिले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून बा आल्या. चेहऱ्यावर समाधान. "रोज खवडाव्युं," त्या म्हणाल्या. रोज खाऊ घातलं. कधी अर्धा रोटला, कधी खिचडी, कधी आंब्याची साल. "तुम्ही नाही तर बिचारी उपाशी राहतील ना?"

मी काय म्हणणार? म्हटलं, "हो बा, मजेत आहेत." आणि झाकण लावलं.

चूक कोणाची होती, हे नंतर वाचून कळलं. पहिली माझीच. ताजं ओलं खरकटं एकदम घातलं की गांडुळांच्या आधी जिवाणू त्यावर तुटून पडतात. ढीग तापतो, आतली हवा संपते. गांडूळ श्वास घेतं ते ओल्या कातडीतून. १५ ते ३० अंश सेल्सिअस त्याला मानवतं, ३५ च्या वर जीव धोक्यात. बारडोलीचा मे तुम्हाला माहीत आहे. सावलीतसुद्धा घाम निथळतो, त्यात आतून तापलेला पिंप. शेतातलं गांडूळ अशा वेळी खोल, थंड मातीत जातं. पिंपातल्याने जायचं कुठे?

आणि उपाशी ती राहिलीच नसती. ज्या कागदात आणि पाचटात ती राहतात, तेच ती खातातही. जमलेल्या पेटीतली गांडुळं दोन-तीन आठवडे वरून काही न घालता आरामात काढतात. आपण नसताना त्यांना जेवण कमी पडत नाही. कमी पडते ती ओल आणि सावली. मी नेमकं उलटं केलं होतं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. मी पिंप फेकला नाही. लगद्यात कोरडा भुसा आणि पाचट मिसळून तो सावलीत ठेवून दिला. महिन्याभराने त्यात पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे हलताना दिसले. गांडुळांचे कोष मोठ्या गांडुळांपेक्षा चिवट असतात. मोहरीपेक्षा जरा मोठे, लिंबाच्या आकाराचे, आणि एकेका कोषातून दोन-चार पिल्लं. दिवाळीपर्यंत पिंप पुन्हा भरला. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यासाठी कुंड्या भरून गांडुळं घरात पाळली होती, हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे मी एकटीच वेडी नाही.

पण बांना मी काही सांगितलं नव्हतं. वर्षभर नाही. पुढच्या मे महिन्यात आजीच्या वर्षश्राद्धासाठी पुन्हा वीस दिवस जायचं ठरलं, तेव्हा पंचाईत झाली. किल्ली तर बांकडेच जाणार. आई म्हणाली, "पिंपाला कुलूप लाव, नाहीतर सुरतेला मैत्रिणीकडे ठेव. उगाच त्यांना वाईट कशाला वाटू द्यायचं?" मला पटलंही होतं.

बा संध्याकाळी कधी कधी स्वराज आश्रमात जातात. १९२८ च्या सत्याग्रहात सरदार पटेल जिथे राहिले, तोच हा आश्रम. झाडं आहेत, बाक आहेत, शांतता आहे. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. बा सासूबाईंकडून ऐकलेली गोष्ट सांगत होत्या. सारावाढीविरुद्ध शेतकऱ्यांनी कर भरायचं नाकारलं, तेव्हा जप्तीवाले येऊन गुरं न्यायचे. म्हणून गावोगाव घरांना दिवसभर कुलपं. आत माणसं, आत म्हशी. जप्तीवाला दिसला की कोणीतरी ढोल वाजवायचं, शंख फुंकायचं, की सगळ्या गावाची दारं बंद. "शेजाऱ्याची म्हैस गेली तर आपलीच गेली, असं होतं तेव्हा," बा म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. गांडुळं मेली होती, चूक आधी माझी होती, आणि मी खोटं बोलले होते.

बा बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मने केम ना कह्युं?" मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं. त्यावर त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं असतं. तुझ्या पप्पांनी उधार घेतलेली शिडी मोडली तेव्हाही असंच. न सांगता नवी आणून ठेवली. एकोणतीस वर्षं शेजारी राहता, पण पाहुण्यासारखे राहता."

हे मला लागलं. मी पुष्कळ विचार केला. नवापूर ओलांडलं की 'आपलं घर आलं' म्हणणारे आम्ही, बारडोलीत खरंच कायम पाहुण्यासारखे सांभाळून वागत होतो. पाहुणा चूक लपवतो, कारण त्याला निघून जायचं असतं.

त्या रात्री बा आमच्याकडे आल्या आणि मी त्यांना पिंप उघडून दाखवला. मुठीत आतला मसाला घेऊन दाबायचा. एक-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर. काहीच निघालं नाही तर पाणी शिंपडायचं. धार लागली तर मूठभर कोरडं पाचट. खायला काहीही नाही. बांनी हात घातला नाही, पण माझी मूठ नीट पाहिली. मग नातवाला बोलावून त्याला दाबायला लावलं.

यंदाची तयारी अशी: निघायच्या दहा दिवस आधीपासून खरकटं कमी करत आणलं. शेवटच्या दिवशी फक्त भिजवलेला पुठ्ठा आणि पाचटाचा जाड थर. वर ओलं गोणपाट. पिंप उत्तरेच्या भिंतीशी, जिथे दिवसभर ऊन येत नाही. मुंग्यांसाठी विटांच्या जागी चार वाट्या पाणी भरून त्यात लाकडी पाय. आठवड्याची सहल असेल तर यातलं काहीच लागत नाही, ओल पाहिली की पुरे. महिन्याच्या वर जायचं असेल तर माणूसच हवा, आणि त्याला मुठीची परीक्षा स्वतः करून दाखवायला हवी.

गाडी नवापूरला थांबली तेव्हा बांचा फोन आला. मूठ दाबली, दोन थेंब आले, म्हणजे ठीक ना? मी म्हटलं, अगदी ठीक. आई ऐकत होती. त्या वर्षी 'आलं आपलं घर' ती म्हणाली नाही. म्हणाली, "त्यांना मढीची खमणी न्यायला हवी येताना."

परत आलो तर पिंपाला ओल्या मातीचा वास. गोणपाट उचललं तशी खालची सगळी गांडुळं उजेडापासून पळाली. बा कुंपणाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, तीनदा पाणी शिंपडलं, दुसरं काही नाही. मग थोड्या वेळाने, हळूच: "एकदा कलिंगडाची छोटी साल घातली. बस, एकच."

मी म्हटलं, एक चालते. पहिलं चाळलेलं खत बांच्या तुळशीला गेलं. आणि यंदा आईच्या यादीत 'गांडुळं' ही ओळ खोडून तिने लिहिलंय: 'बांना सगळं सांगणे'.