वेग चिपमध्ये की वाटेत?

पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स या फायरवॉलच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर क्रिप्टोचा पर्याय दिसला की हात आपसूक तिकडे जातो. सोय आहे, तर वापरायला काय हरकत? हरकत एवढीच, की नुसती चिप चपळ असून भागत नाही. डेटाला तिथवर जाऊन परत यायला किती खर्च पडतो, तेही पाहावं लागतं. एईएस कूटलेखनासाठी इंटेलने 2010 मध्ये वेस्टमेअर प्रोसेसरांत आणलेलं एईएस-एनआय हे काही वेगळं यंत्र नव्हे. त्या प्रोसेसरच्याच सूचना आहेत, कोणताही प्रोग्रॅम त्या थेट वापरू शकतो. ओपनव्हीपीएनला ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीमार्फत हा लाभ कर्नलला न विचारताच मिळतो. तेच काम कोणी हौसेने क्रिप्टोडेव्ह या कर्नलच्या वाटेने पाठवलं, तर पॅकेटमागे कर्नलचा एक हेलपाटा वाढतो आणि वेग उलट घटतो. (ओपनव्हीपीएनचं कर्नलमधलं डीसीओ चालू असेल तर हिशेब बदलतो, कारण मग वाहतूकच कर्नलमध्ये जाते.) आयपीसेकचा डेटा मुळात कर्नलमध्येच असतो, तिथे फ्रीबीएसडीचं एईएसएनआय मॉड्यूल खरोखर कामाला येतं. पीसी इंजिन्सच्या जुन्या ॲलिक्स बोर्डाची गंमत आणखी वेगळी. त्यावरच्या जिओड प्रोसेसरमध्ये एईएसचा स्वतंत्र भाग होता, पण तो 128 बिटांच्या किल्लीपुरताच. जास्त सुरक्षित म्हणून 256 निवडलं, की तो भाग बसून राहणार आणि सगळा भार बिचाऱ्या 500 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर.

यावर कोणी म्हणेल, प्रश्न फक्त वेगाचा नाही. ते खरं आहे. तक्त्यांवर चालणाऱ्या एईएसमध्ये कॅशच्या वेळेवरून किल्ली फुटू शकते, हे डॅनियल बर्नस्टाइन यांनी 2005 मध्ये दाखवलं. एईएस-एनआयमध्ये ते तक्तेच नाहीत. पीएफसेन्सने 2017 मध्ये पुढच्या 2.5 आवृत्तीसाठी एईएस-एनआय सक्तीचं करण्याचं जाहीर केलं, पण 2019 मध्ये ती अट मागे घेतली. मला मागे घेणंच योग्य वाटतं. बर्नस्टाइन यांचंच चाचा20 बेरीज, फिरवणूक आणि एक्सऑर एवढ्यावर चालतं, त्यालाही तक्ते लागत नाहीत, आणि वायरगार्ड व्हीपीएन त्यावरच उभं आहे. जुनी पेटी केवळ या कारणासाठी भंगारात काढायची गरज नाही.

राहिलं मोजमाप. ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्यांत स्पीड चाचणीला ईव्हीपीचा पर्याय दिला नाही, तर एईएस-एनआय वापरलंच जात नाही. दिला, तरी आकडा मेमरीतल्या कामाचा असतो, नेटवर्कचा नव्हे. व्हीपीएनच्या बोगद्यातून आयपर्फ हे वेग मोजणारं साधन चालवा, आणि तेही दोन्ही टोकांना फायरवॉलच्या मागे असलेल्या यंत्रांमध्ये. फायरवॉलवरच चालवलं, तर आयपर्फ स्वतःच प्रोसेसर खातं.