न लिहिलेले

माझ्या नातीला दाणे चालत नाहीत. चुकून कण जरी पोटात गेला, तरी ओठ सुजतात, श्वास लागतो. डॉक्टरांनी दाण्याचे तेलसुद्धा वर्ज्य सांगितले आहे. आणि यंदाची दिवाळी ती आमच्याकडे करणार होती.

आईची पाककृतींची वही मी मागेच टिडलीविकीत उतरवून ठेवली होती. जेरेमी रस्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने २००४ साली काढलेली ही वही मोठी गमतीची आहे. सारा मजकूर एकाच फाइलीत मावतो. पण पानांऐवजी सुट्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीला हव्या तेवढ्या खुणा लावता येतात. ‘फराळ’, ‘उपास’, ‘दाणे’. मग चौकटी कंसात अट लिहायची, की हव्या तेवढ्याच चिठ्ठ्या गाळून पुढे येतात. त्या अटीला फिल्टर म्हणतात. मी आपली चाळणी म्हणतो.

मला हवा होता दाणे नसलेला फराळ. एका कंसात मी ‘फराळ’ मागितला, कंस मिटवला, दुसरा उघडला आणि उद्गारचिन्ह देऊन ‘दाणे’ लिहिले. उद्गारचिन्ह म्हणजे नकार. यादी आली. तिच्यात चक्क दाण्याचे लाडू! खाली वरणफळे आणि सोलकढीही होती.

दोन दिवसांनी उलगडा झाला. एकाच कंसात अटी लागोपाठ लिहिल्या, तर एका चाळणीखाली दुसरी धरल्यासारखे होते. पहिलीतून जे पडेल तेच दुसरीत येते. पण कंस मिटवून नवा उघडला, की दुसरी चाळणी पुन्हा अख्ख्या पोत्याला लागते आणि दोन्हींतून पडलेले एकाच परातीत जमा होते. मला सगळा फराळ मिळाला होता, आणि वर घरातले सगळे बिनदाण्याचे पदार्थही.

कंस सुधारला. लाडू गेले, चिवडा गेला. नेटकी यादी घेऊन मी ऐटीत आईपुढे बसलो.

“चकली कशी चालेल रे तिला?” आई म्हणाली.

“वहीत दाण्याचं नावही नाही.”

“गोडेतेलात तळायची, असं आहे ना? आपल्याकडे गोडेतेल म्हणजे दाण्याचंच. ते काय लिहायचं असतं?”

माझे हातपाय गार झाले. चाळणीने काही चूक केली नव्हती. ज्या चिठ्ठीवर ‘दाणे’ ही खूण नाही, ती तिने इमानाने पुढे केली होती. पण खूण नाही म्हणजे दाणे नाहीत, हे माझे मीच ठरवले होते.

त्या रात्री मी आणखी एक खूण केली: ‘दाणे नाहीत’. ही आईला विचारल्यावाचून लावायची नाही आणि नातीसाठी यादी काढायची ती हिच्यावरूनच. मग एक नवी चाळणी लिहिली. दोन्हींपैकी एकही खूण नसलेल्या चिठ्ठ्या ती दाखवते. म्हणजे आईला अजून न विचारलेल्या.

चकल्या यंदा सूर्यफुलाच्या नव्या तेलात तळल्या. नातीने पाच खाल्ल्या.

आईला सत्याऐंशीवे लागले आहे. रोज संध्याकाळी मी चार चिठ्ठ्या घेऊन तिच्यापाशी बसतो. न विचारलेल्यांची यादी अजून बरीच लांब आहे.