तुटक्या चकल्या

दुसऱ्याच्या चुका काढण्याइतके सुखाचे काम जगात दुसरे नसेल. माझे तर पोटच त्यावर चालते. मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, असे लोकांना सांगतो खरा; पण माझा दिवस लिहिण्यापेक्षा वाचण्यातच अधिक जातो. कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेले वाचायचे, कुठे बिघडले ते हुडकायचे आणि दुरुस्त करायचे.

डोनाल्ड कनूथ हे आमच्या विद्येतले फार मोठे नाव. त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला. यंत्राला सांगायची कृती किती निःसंदिग्ध हवी, हे समजावताना त्यांनी पाककृतीचा दाखला दिला आहे. चिमूटभर मीठ म्हणजे नेमके किती, आणि ते घालायचे कुठे? हे वाचले तेव्हा मला आईच आठवली. ‘अंदाजाने’ हा तिचा लाडका शब्द! कनूथ स्वतःच्या बाबतीतही तितकेच काटेकोर. ग्रंथातली चूक प्रथम दाखवील त्याला त्यांनी २.५६ डॉलर बक्षीस ठेवले. मी मात्र दुसऱ्यांच्याच चुका मोजत आलो.

त्यांतली एक चकलीची. आमच्या घरची भाजणी म्हणजे चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची, वर धने-जिरे. आईच्या चकलीला काटा असा सुटे की शेजारणी सोऱ्या मागायला येत. पण मी नोकरीला लागलो त्या सुमारास काय झाले कोण जाणे, चकल्या तुटू लागल्या. डब्यात निम्मे तुकडेच. “आईच्या प्रोग्रॅममध्ये बग शिरलाय!” असे मी पाहुण्यांना सांगे. बाबा तुकडे चघळत हसत. आईही हसे.

गेल्या उन्हाळ्यात कचेरीत एक जुना प्रोग्रॅम माझ्या हाती आला. बिल छापण्यापूर्वी तो उगीचच दोन सेकंद थांबत असे. ‘काय हा गबाळेपणा!’ म्हणून मी त्या दोन ओळी काढून टाकल्या. दुसऱ्याच दिवशी एका दुकानातून तक्रार आली, बिले अर्धवट छापली जात होती. तिथला प्रिंटर जुना, सावकाश चालणारा. लिहिणाऱ्याने त्याच्यासाठीच थांबण्याची सोय केली होती. कारण तेवढे लिहून ठेवले नव्हते.

या दिवाळीला आईला ओट्याशी उभे राहवेना, म्हणून चकल्यांचे काम माझ्याकडे आले. मी तिची ‘रुचिरा’ काढली. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी घरांना स्वयंपाक शिकवून गेले. आमच्या प्रतीची पाने तेलाने पारदर्शक झाली आहेत. चकलीच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘नवा तांदूळ, पाणी कमी.’ आणि त्याखाली, ‘ह्यांचे दात. मोहन दीडपट. तुटतील. तुटू देत.’

बाबांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. मी पुस्तक घेऊन तसाच आईकडे गेलो.

“आई, हे कधी बोलली नाहीस?”

“अरे, चारचौघांत ह्यांना लाज वाटली असती.”

“आणि मी सगळ्यांसमोर हसायचो ते?”

“तू हसायचास म्हणून तर कुणाला संशय आला नाही.”

मी स्वयंपाकघरात परतलो. आईची कवळी हल्ली बहुधा वाटीतच असते. मोहनाचे तेल कडकडीत तापले होते. मी ते मोजून घातले, मग थोडे आणखी घातले. अंदाजाने.

झाऱ्यावर येताच पहिल्या चकलीचे तीन तुकडे झाले. “बाबा, तुमच्या तुटल्या!” मुलगी टाळ्या पिटून ओरडली. मी काहीच बोललो नाही. पुस्तकात मात्र पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. वाचील कधीतरी.