उतारावरचा ब्रेक

लाँगबोर्डला, म्हणजे लांब स्केटबोर्डला, ब्रेक नसतो. सपाट रस्त्यावर एक पाय घासत नेला की थांबता येतं. पण खड्या उतारावर ताशी 40 किलोमीटरचा वेग धरला की बुटाचा तळ पुरा पडत नाही. मग बोर्डच आडवा घालायचा. चारही चाकं डांबरावरून फरफटतात, घर्षणाने वेग खाल्ला जातो आणि पुढचं वळण बेताच्या वेगात गाठता येतं. हीच स्लाइड. असं वळत, घसरत, वेग मुठीत ठेवून उतार उतरणं म्हणजे फ्रीराइड. बघणाऱ्याला त्यात करामत दिसते. उतरणाऱ्याने मात्र स्लाइड ब्रेक म्हणूनच शिकावी.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅस्वर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाकं स्केटबोर्डसाठी विकायला आणली. आधीच्या क्लेच्या चाकांखाली बारीक खडा आला तरी माणूस तोंडावर आपटायचा. नवी चाकं रस्ता धरू लागली, वेग वाढला आणि आता थांबायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या टेकड्यांवर, क्लिफ कोलमन यांनी त्याला उत्तर दिलं: खाली बसायचं, हातमोजा घातलेला हात रस्त्याला टेकायचा आणि बोर्ड फिरवायचा. नवखे आजही ‘कोलमन स्लाइड’पासूनच सुरुवात करतात.

आधी बोटांच्या बाजूला हलकं वळण, लगेच टाचांच्या बाजूला ठाम झोक. मागचा गुडघा पुढच्या पावलाशी दुमडलेला, पुढचा हात पाठीमागे जमिनीवर. हातमोज्याच्या तळव्यावरची कडक प्लास्टिकची चकती डांबरावरून खरखरत सरकते. खांदे आणि मोकळा हात जिकडे वळतील तिकडे बोर्ड वळतो. शिकणारा बहुधा टेकलेल्या हातावर रेलतो आणि तिथेच फसतो. चाकांवरचा भार कमी झाला की बोर्ड पायाखालून निसटतो.

हात आधाराला, भार पायांवर.

सगळ्या कामांना चालेल असा बोर्ड बहुधा दोन्ही टोकांनी सारखा असतो, म्हणजे अर्धा फेरा घेऊन उलटं उतरता येतं. ट्रक, म्हणजे चाकांचे आस धरणारे भाग, फळीतून आरपार बसवले तर फळी खाली येते, तोल सांभाळणं सोपं जातं आणि चाकंही लवकर पकड सोडतात. ट्रक फळीखाली बसवले तर वळणात पकड जास्त मिळते. फ्रीराइडची चाकं साधारण 70 मिलिमीटरची, गोल कडांची. 80ए कडकपणाचं चाक वेग जास्त खातं आणि रस्त्यावर युरेथेनचे पट्टे सोडतं. त्याहून कडक 86एचं चाक सहज पकड सोडतं, लांब घसरतं. बोर्ड फार वेळ अगदी काटकोनात धरला तर चाकं फिरायची थांबतात, एका जागी झिजून चपटी होतात आणि पुढे सगळा उतार पायाखाली दडदडत राहतो.

सर्वात नाजूक क्षण स्लाइड संपतानाचा. बोर्ड आडवा असताना दाब मध्येच सोडला तर चाकं अचानक पकड घेतात, बोर्ड जागीच अडतो आणि स्वार पुढे फेकला जातो. याला हायसाइड म्हणतात. म्हणून वेग पुरेसा उतरेपर्यंत रेटत राहायचं, मग खांदे उताराकडे वळवून बोर्ड सरळ करायचा.

वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल लूप्ससारखा मोटारींना बंद, नागमोडी रस्ता फ्रीराइडसाठी उत्तम. एरवीच्या रस्त्यावर जाणते आधी उतार पायी चालून येतात: खडी कुठे, तेल कुठे, ओल कुठे. आंधळ्या वळणावर इशारा द्यायला एक जण उभा राहतो. डोक्यावर हेल्मेट असतं आणि स्लाइड आपल्याच लेनमध्ये संपवायची असते.